पियानो नाही म्हणून घाबरू नकोस गं

पियानोवाला मिळत नाही, ड्रमवाला दुसऱ्या कार्यक्रमात अडकलाय, आणि आता तुझा टेनर सॅक्सोफोन नि तुझ्या मैत्रिणीचा डबल बेस एवढ्यावर अख्खा तास निभवायचाय. पोटात गोळा आलाय तुझ्या, कळतंय मला. पण खरं सांगू का, मला ऐकून आनंदच झाला. मी इतकी वर्षं बेस घेऊन उभी राहतेय. मला विचारशील तर जॅझमध्ये सॅक्सोफोन आणि बेस या जोडीइतकं उघडं वाजवणं दुसरं नाही. लपायला आडोसाच नसतो. तुला त्याचीच धास्ती वाटतेय ना? मला त्याचंच प्रेम आहे. आणि तुला जमणार नाही असं वाटलं असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं, तू ओळखतेस मला.

आधी एक काम कर. तालमीचा विचार बाजूला ठेव आणि ऐकायला बस. पंखा बंद, खिडकी बंद, कानाला चांगले हेडफोन. फोनच्या स्पीकरवर ऐकायचं नाही हं! बेसच्या सगळ्यात खालच्या तारेचा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो पेलत नाही. मग तुला नुसता सॅक्सोफोनच ठळक ऐकू येणार आणि तू म्हणणार, किती रिकामं रिकामं वाटतंय गं हे.

पहिलं ऐक ते ९ जून १९४५ चं ध्वनिमुद्रण. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्या दिवशी टिमे रोझेनक्रांट्झ या जॅझवेड्या डॅनिश उमरावाने मैफल भरवली होती. तिथे टेनरवर डॉन बायस आणि बेसवर स्लॅम स्ट्युअर्ट असे दोघंच उभे राहिले आणि त्यांनी 'आय गॉट रिदम' वाजवलं, तेही सुसाट वेगात. बेस म्हणजे मागे उभं राहून ठेका धरायचा, असं मानायचा तो काळ. स्लॅम स्ट्युअर्टने काय केलं बघ: आपल्या सोलोत गज हातात घेतला आणि गजाने वाजवताना तीच ओळ एक सप्तक वर स्वतः गुणगुणला. म्हणजे दोनाचे तीन झाले! पण तू तिथे भाळून थांबू नकोस. तू बायसकडे कान दे. मागे पियानो नाही, तरी गाण्याची सुरावट कुठे वळली, कुठला कॉर्ड संपून कुठला लागला, हे एकेका बारमध्ये लख्ख कळतं. ते कोण सांगतंय? त्याचा सॅक्सोफोनच सांगतोय.

तुझ्या सगळ्या काळजीचं मूळ इथंच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. पियानो असला की कॉर्ड तो मांडतो आणि तू त्यावर हवं तसं खेळतेस. पियानो गेला की ते काम दोघींत वाटलं जातं. ती खाली मूळ स्वर ठेवणार. पण तो कॉर्ड हसरा आहे की उदास, हे एकट्या मूळ स्वरावरून कळत नाही. ते ठरतं गंधारावर आणि निषादावर, आणि ते दोन स्वर आता तुझ्या हातात आहेत. तू लहानपणी पेटी शिकलीयस, तुला हे मला समजवायला नको. तिने 'सा' धरला की शुद्ध गंधार लावायचा की कोमल, ते तू सांगणार आणि अख्खी खोली तुझं ऐकणार.

आता हातात वाद्य घे. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, ही जॅझमधली सगळ्यात नेहमीची वाट. (मी सांगतेय ते पियानोचे स्वर, तुझ्या टेनरवर प्रत्येक स्वर एक पूर्ण टप्पा वर वाच, म्हणजे 'एफ'ला तुझा 'जी'.) पहिल्या कॉर्डचा तिसरा स्वर 'एफ' आणि सातवा 'सी'. दुसऱ्याचा तिसरा 'बी' आणि सातवा पुन्हा तोच 'एफ'. तिसऱ्याचा तिसरा 'ई', सातवा 'बी'. बघ, किती थोडी हालचाल आहे! 'सी' अर्धा टप्पा उतरून 'बी' होतो, 'एफ' जागच्या जागी राहतो आणि मग तोही अर्धा टप्पा उतरून 'ई' होतो. नुसत्या या दोन ओळी, एका वेळी एक, लांब स्वरांत वाजव. तिला खाली डी, जी, सी एवढंच वाजवू दे. भरलेला कॉर्ड ऐकू येईल तुला. एकदा तो कानावर पडला ना, की 'पियानो नाही' हे वाक्य तू पुन्हा उच्चारणार नाहीस.

तिच्याही हातात युक्त्या असतात. मूळ स्वर वाजवून त्यावर दहावा स्वर, म्हणजे एका सप्तकावरचा गंधार, जोडता येतो. दोन तारा एकदम छेडता येतात. सगळे कॉर्ड बदलत असताना खाली एकच स्वर आठ बार धरून ठेवता येतो, आणि त्यावर तू काहीही वाजवलंस तरी एक ताण तयार होतो. पण हे सगळं तिने केव्हा करायचं? तू जागा सोडशील तेव्हा. माझं म्हणणं एवढंच आहे गं: पियानो आणि ड्रमची रिकामी झालेली जागा भरायला जाऊ नकोस. नवशिके सॅक्सोफोनवाले हेच करतात. शांतता दिसली की घाबरतात आणि स्वरांचा पाऊस पाडतात. मग खाली बेस काय सांगतोय ते कुणालाच ऐकू जात नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बाकीचे वादक यायचे राहिलेत.

जागा सोडणं म्हणजे काय ते ऐकायचं असेल तर जो हेंडरसनचं 'इस्फहान' लाव. १९९२ साली निघालेल्या त्याच्या 'लश लाइफ' या अल्बमची सुरुवातच त्याने होते. सगळा अल्बम बिली स्ट्रेहॉर्नच्या रचनांचा आहे, आणि या एका तुकड्यात हेंडरसनचा टेनर आणि ख्रिश्चन मॅकब्राइडचा बेस एवढंच आहे. ध्वनिमुद्रण झालं १९९१ मध्ये, तेव्हा हेंडरसन ५४ वर्षांचा होता आणि मॅकब्राइड १९ चा. एकोणीस! तू स्वतःला लहान म्हणवतेस ना, म्हणून मुद्दाम सांगितलं. हेंडरसनचा आवाज दणदणीत नाहीच, मऊ आहे, जवळून बोलल्यासारखा. वाक्य संपलं की तो थांबतो. घाईने पुढचं वाक्य सुरू करत नाही. आणि त्या थांबण्यात मॅकब्राइडचा जाड, गोल स्वर वर येतो आणि आपल्याला कळतं की हा मुलगा साथ करत नाहीये, बरोबरीने बोलतोय. ते थांबे मोज. खरंच मोज, कागद-पेन्सिल घेऊन. प्रत्येक थांब्यात बेसने काय केलं ते शेजारी लिही.

या गाण्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो बरं का. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर पश्चिम आणि दक्षिण आशियात हिंडला, भारतातही आला, मुंबईतही वाजवून गेला. त्या प्रवासातून पुढे 'फार ईस्ट सूट' हा अल्बम झाला, १९६७ चा. त्यात आग्रा आहे, दिल्लीची मैना आहे, आणि हे 'इस्फहान'सुद्धा. मात्र 'इस्फहान'ची चाल स्ट्रेहॉर्नने दौऱ्याआधीच बांधलेली होती, वेगळ्या नावाने. इराणी शहराचं नाव तिला नंतर मिळालं. मूळ वाद्यवृंदात ती जॉनी हॉजेसच्या आल्टोवर आहे, मागे अख्खा ताफा आहे. आधी ते ऐक आणि मग हेंडरसनचं. एवढा मोठा ताफा काढून टाकला तरी गाणं उणं झालं नाही, हे स्वतःच्या कानांनी पटू दे.

पियानो काढून टाकायची वाट काही एका दिवसात पडली नाही. जेरी मलिगनने १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला पियानोशिवायची चौकडी उभी केली. सनी रोलिन्सने १९५७ मध्ये 'वे आउट वेस्ट' केलं, नुसता टेनर, बेस आणि ड्रम. तोच रोलिन्स १९७८ मध्ये आपल्या मुंबईत पहिल्या जॅझ यात्रेला येऊन वाजवून गेला. आता त्या तिघांतून ड्रमही काढला की उरतेस तू आणि ती.

ड्रम नाही म्हटल्यावर लय कुणी सांभाळायची? इथं एक सवय आत्ताच मोड. लय ही बेसवालीची जबाबदारी आणि आपण तिच्यावर रेलून वाजवायचं, असं तुझ्या मनात कुठेतरी आहे. तसं नाही गं. दोघींनी दोन टोकं धरून चादरीची घडी घालतो ना, तसं आहे ते. एकीने टोक ढिलं सोडलं की दुसरीने कितीही ओढून काय उपयोग? आपला आपण रियाज करताना मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाकून वाजव, पहिली आणि तिसरी तुझ्या पोटात असली पाहिजे. आणि दोघींची तालीम असेल तेव्हा एक गंमत करा: गाणं चालू ठेवून तिने मधूनच आठ बार पूर्ण थांबायचं, तू एकटीने आवर्तन पुढे न्यायचं, आणि ती परत आली की दोघी समेवर भेटता का ते बघायचं. नाही भेटलात तरी थांबायचं नाही. पुढच्या आवर्तनाला पुन्हा करायचं.

वेगाबद्दलही ऐक. मध्यम चाल निवड, मिनिटाला १२० ते १४० मात्रांची. फार जलद गाण्यात तिच्या उजव्या हाताच्या बोटांचे हाल होतात, फोड येतात, आणि मदतीला कुणीही नसतं. अगदी संथ गाणं तर त्याहून कठीण, कारण एका मात्रेपासून दुसरीपर्यंतचं अंतर मोठं आणि छेडलेल्या तारेचा स्वर तेवढ्यात विरत जातो. एखादं संथ गाणं मात्र नक्की घे. तिथे तू लांब स्वर धर, तो विरणारा भाग तुझ्या श्वासाने जोडला जाईल. आणि हो, श्वास! तुला घ्यावा लागतो, तिला नाही. तुझ्या श्वासाच्या जागा तिला आधीच कळू देत, म्हणजे तेवढ्यात ती चार स्वर बोलून घेईल.

ऑर्नेट कोलमन आणि चार्ली हेडन यांचं 'सोपसड्स, सोपसड्स' ऐकशील तेव्हा मात्र मी वर सांगितलेलं बरंचसं विसरून ऐक. ३० जानेवारी १९७७ चं हे ध्वनिमुद्रण. नेहमी आल्टो वाजवणारा ऑर्नेट इथं टेनर घेऊन बसलाय, एका तुकड्यात तर ट्रम्पेटही. आणि पहिलंच गाणं कुठलं? 'मेरी हार्टमन, मेरी हार्टमन' या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत! ऑर्नेटच्या संगीतात ठरलेल्या कॉर्डची शिडी नसते. तो सुरावटीच्या ओढीने जाईल तिकडे जातो. मग बेसवाल्याने काय धरायचं? हेडन त्याच्याबरोबर पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून वाजवत होता आणि त्याला हे गूढ उकललं होतं. पुढे पळून वाट दाखवायची नाही, मागे राहून ओढायचंही नाही, शेजारून चालायचं. थोडे स्वर, खालचे स्वर, आणि प्रत्येक स्वर मनापासून. हेडन लहानपणी घरच्यांच्या रेडिओ कार्यक्रमात कंट्री गाणी गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओचा गळ्यावर परिणाम झाला आणि गाणं सुटलं. मला त्याच्या बेसमध्ये ते सुटलेलं गाणं ऐकू येतं. माझा हा आवडता अल्बम आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे असं म्हण हवं तर.

बघ, तू लगेच असं वाजवायला जाऊ नकोस. पण तालमीच्या शेवटी पाच मिनिटं काहीही न ठरवता वाजवा दोघी. कॉर्ड नाही, गाणं नाही. फक्त एक नियम: दुसरीचा स्वर ऐकल्याशिवाय आपला लावायचा नाही.

तुला पाया भक्कम करायचाय, तर ली कोनिट्झ आणि रेड मिचेल यांच्याकडे जा. १९७४ मध्ये कोपनहेगनला त्यांनी कोल पोर्टरची गाणी वाजवली, 'आय कॉन्सन्ट्रेट ऑन यू' या नावाने. मिचेलने १९६६ पासून आपल्या बेसच्या तारा पंचमाच्या अंतराने लावायला घेतल्या होत्या, चेलोसारख्या. नेहमीच्या बेसला चौथ्या स्वराचं, म्हणजे मध्यमाचं अंतर असतं. त्यामुळे त्याचा बेस नेहमीपेक्षा खालीही जातो आणि वर गेला की गळ्यातून गायल्यासारखा वाटतो. कोनिट्झची शिकवण्याची पद्धत तुझ्या फार उपयोगाची आहे. तो सांगायचा, आधी चाल जशीच्या तशी वाजवा. मग एखादा स्वर सजवा. पुढच्या खेपेला थोडं आणखी. असं पायरी पायरीने लांब जा, एकदम उडी मारू नका. दोघींच्या जोडीत तर हे सोन्यासारखं, कारण चाल कानात राहिली की ऐकणारा हरवत नाही आणि तुझी मैत्रीणही नाही. आर्ची शेप आणि नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन यांचं १९८० चं 'लुकिंग अ‍ॅट बर्ड'ही घे. सगळा चार्ली पार्करचा मामला, पण शेपचा खरखरीत, रांगडा टेनर आणि पेडरसनच्या उजव्या हाताची तीन बोटं, इतकं चपळ काम की दोघांचे स्वभाव विरुद्ध असूनही कसं जमतं ते ऐकून तुझा धीर वाढेल. डेव्ह हॉलंड आणि सॅम रिव्हर्स यांचं १९७६ चं ध्वनिमुद्रण जरा मोकाट आहे, ते कार्यक्रम झाल्यावर ऐक.

आता घरगुती गोष्टी, कारण खरी फजिती तिथेच होते. सॅक्सोफोन थंड असताना उतरलेला असतो, वाजवून गरम झाला की चढतो. म्हणून केसमधून काढल्या काढल्या सूर जुळवायचा नाही. दहा मिनिटं लांब स्वर वाजव आणि मग जुळव. बेसला पडदे नसतात, त्यामुळे ती तुझ्यामागे सरकून घेईल, पण तू वरच्या स्वरांत चढत गेलीस तर ती बिचारी किती सरकणार? तिला 'डी'ची मोकळी तार गजाने लांब धरायला सांग आणि तू त्यावर 'ए' लाव, तुझ्या टेनरवर तो 'बी'. षड्ज-पंचम. थरथर ऐकू येत असेल तर सूर लागला नाही. ओठ जरा सैल कर, मुखनळी इकडेतिकडे सरकव, थरथर विरेपर्यंत दोघी थांबा. तानपुरा लावताना करतो तेच. तालमीची सुरुवात रोज याने करायची.

पावसाळ्यात हवेतल्या ओलीने बेसचं लाकूड फुगतं, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, दाबायला जास्त जोर लागतो. तिचा हात दुखत असेल तर तालीम लांबवू नकोस. आणि तुझा आवाज! लहान खोलीत टेनर मनात आणलं तर बेसला सहज गिळून टाकतो. जबडा थोडा मागे घेऊन, ओठ मऊ ठेवून खालचे स्वर हवेच्या झुळकीने काढायचे, ते सबटोन रोज घोट. उभं राहताना सॅक्सोफोनचं तोंड तिच्या कानाकडे नको. किंचित तिरकी उभी राहा, तिचा डावा हात दिसला पाहिजे. पुढे कुठे जाणार ते तिचा हात आधी सांगतो.

तिचा सोलो आला की तू काय करणार? कडेला जाऊन पाणी पीत उभी राहणार? अजिबात नाही हं. पहिलं आवर्तन पूर्ण गप्प राहा आणि तिच्याकडे बघ. दुसऱ्यात ते गंधार-निषादाचे लांब स्वर हळूच मागे ठेव. किंवा सरळ भूमिका बदला: चाल तिला वाजवू दे आणि तू टेनरच्या तळातून तिला मूळ स्वर पुरव. लोक चमकून बघतील. मग चार-चार बारांचे सवाल-जबाब करा. सगळी गाणी एकाच साच्यात मात्र नकोत: एक तू एकटीने सुरू कर, दुसरं तिने एकटीने, एखाद्यात तिचा गज येऊ दे. तासाभरात सहा गाणी पुरेत, एक ब्लूज त्यात हवाच. आणि प्रत्येक गाण्याचा शेवट आधी ठरवा. मधलं सगळं सावरून घेता येतं, दोन वाद्यांचा विस्कटलेला शेवट सावरता येत नाही.

एवढं वाचून दडपण आलं असेल तर यातलं या आठवड्यात फक्त दोनच कर: षड्ज-पंचम आणि त्या दोन लांब ओळी. बाकीचं पुढच्या आठवड्यात. तुझा कान चांगला आहे, मी ऐकलंय तुला. आज रात्री मैत्रिणीला 'इस्फहान' पाठव आणि तालमीचा दिवस पक्का करून मला कळव.